त्रिएस्ते, १९७१–१९८०: एका मनोरुग्णालयाच्या जागी काय उभे राहिले?

१/ इटलीच्या ईशान्य टोकाला, आड्रियाटिक समुद्राच्या काठी, त्रिएस्ते हे जुने बंदर आहे. १९७१ मध्ये तेथील सान जोव्हानी मनोरुग्णालयात सुमारे १,२०० माणसे बंदिस्त होती. १९८० मध्ये ते अधिकृतपणे बंद झाले. मधल्या नऊ वर्षांतील प्रयोगाने इटलीचा कायदा बदलण्यास मोठा हातभार लावला.

२/ तोवर १९०४ चा कायदा लागू होता. जी व्यक्ती स्वतःला वा इतरांना धोकादायक, किंवा जिच्यामुळे समाजात बोभाटा होतो, तिला कोंडून ठेवावे, असा त्याचा आशय. अशा व्यक्तीचे नाव न्यायालयाच्या गुन्हे-नोंदवहीत चढत असे. ही तरतूद १९६८ पर्यंत टिकली. रुग्णाला काय हवे, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हता.

३/ फ्रांको बाझालिया यांचा जन्म १९२४ चा, व्हेनिसचा. विद्यार्थिदशेत फॅसिस्टविरोधी कार्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. १९६१ मध्ये ते युगोस्लाव्हियाच्या सीमेवरील गोरित्सिया येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. बांधून ठेवलेल्या रुग्णांची नोंदवही सहीसाठी समोर आली, तेव्हा त्यांनी सही नाकारली.

४/ गोरित्सियात दारे उघडली गेली, रुग्णांना बांधणे थांबले, रुग्ण व कर्मचारी यांच्या एकत्र सभा भरू लागल्या. परंतु १९६८ मध्ये एका दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या रुग्णाने पत्नीची हत्या केली. बाझालियांवर खटला चालला. ते निर्दोष सुटले. तरीही मोकळीक देणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न कायम राहिला.

५/ दुसरा धडा असा की सुधारलेले मनोरुग्णालयही अखेर मनोरुग्णालयच राहते. वॉर्डाचे दार उघडले, पण बाहेर घर नाही, काम नाही, खिशात पैसा नाही; मग रुग्णाने जावे कुठे? ऑगस्ट १९७१ मध्ये बाझालिया त्रिएस्तेला आले ते हा प्रश्न घेऊन. प्रांताचे अध्यक्ष मिकेले झानेत्ती यांनी त्यांना मोकळा हात दिला.

६/ पहिला बदल रचनेत झाला. पूर्वी रुग्णांची वाटणी ‘शांत’, ‘आक्रमक’, ‘अस्वच्छ’ अशी होई. आता शहराचे विभाग पाडून एका विभागातील रहिवाशांसाठी डॉक्टर व परिचारकांचा एक गट नेमण्यात आला. रुग्ण घरी परतला तरी त्याला ओळखणारी माणसे तीच राहिली.

७/ दुसरा बदल दर्जात झाला. ज्यांना उपचारासाठी राहण्याची गरज उरली नव्हती, परंतु जायला घर नव्हते, त्यांना ‘पाहुणे’ हा दर्जा मिळाला. त्यांचा रुग्ण म्हणून असलेला कायदेशीर ताबा संपला आणि नागरी हक्क परत मिळाले. छप्पर मात्र सुटले नाही. पुढे शहरात सदनिका घेऊन काही जण एकत्र राहू लागले.

८/ तिसरा बदल कामाचा. ‘उपचार’ या नावाखाली रुग्ण वर्षानुवर्षे वॉर्ड झाडत, आणि मोबदला जवळपास शून्य. १९७२ मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. झाडणे-पुसणे तेच, परंतु आता त्याला करार आणि रीतसर वेतन होते.

९/ १९७३ च्या आरंभी रुग्ण व कलाकारांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा प्रचंड निळा घोडा बनवला. नाव ‘मार्को काव्हाल्लो’. धुण्याची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्यावरून ठेवलेले. तो दारातून मावेना, तेव्हा दारच फोडावे लागले. मग त्याच्यामागे शेकडो माणसे शहरात शिरली.

१०/ शहरात मानसिक आरोग्य केंद्रे उघडली. पुढे ती दिवसाचे २४ तास, आठवड्याचे सातही दिवस चालू लागली. प्रत्येकात मोजक्या खाटा. औषध, जेवण, घराची अडचण, नोकरीचा शोध, कुटुंबातील तंटा, सारे एकाच ठिकाणी.

११/ १३ मे १९७८ रोजी इटलीत कायदा क्रमांक १८० संमत झाला. मनोरुग्णालयांत नवी भरती थांबली. सक्तीच्या उपचारासाठी दोन डॉक्टरांचे मत, महापौरांचा आदेश आणि न्यायाधीशांची मान्यता आवश्यक ठरली. मुदत सात दिवस, नूतनीकरणास पात्र. सामान्य रुग्णालयांतील मानसोपचार कक्षाला १५ खाटांची मर्यादा आली.

१२/ मात्र पर्यायी सेवा उभारणे प्रादेशिक सरकारांवर सोपवले होते. काहींनी ते केले, अनेकांनी वर्षानुवर्षे टाळले. तेथे सारा भार कुटुंबांवर, विशेषतः आया-बहिणींवर पडला, आणि त्यांचा संताप रास्त होता. अनेक जुनी मनोरुग्णालये पूर्ण रिकामी व्हायला १९९० चे दशक सरत आले.

१३/ कायदा साऱ्या देशाला एकच होता, परिणाम मात्र प्रदेशागणिक वेगळा. त्रिएस्तेत केंद्रे, घरे आणि कामे आधी उभी राहिली, कुलूप नंतर लागले. जेथे कायदा आधी आला आणि सेवा मागे राहिल्या, तेथे मुक्तीचे ओझे घरच्यांनी वाहिले. हा क्रमाचा फरक समजला, की ‘बाझालिया कायदा’ यशस्वी की अपयशी, या वादाचे दोन्ही पक्ष आपापल्या गावापुरते खरे का बोलत होते, हे उमगते.

१४/ बाझालिया यांचे ऑगस्ट १९८० मध्ये निधन झाले. सान जोव्हानीचा परिसर आज सर्वांना खुला आहे; जुन्या इमारतींत विद्यापीठाचे विभाग व आरोग्य कार्यालये आहेत, आणि आवारात गुलाबांची मोठी बाग आहे.