रेवदंड्याची पोर्तुगीज नगरसभा आणि तिची निवडणूक

कुंडलिकेच्या मुखाशी, खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंड्याचा कोट आहे. त्याचा विचार बहुधा वेढे, तोफा व तह यांच्या अनुषंगानेच होत आला. बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाचा वेढा या नगराने परतविला आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या स्वाधीन झाले. परंतु या दोन शतकांत कोटाच्या आत केवळ शिबंदी नव्हती. तेथे 'चौल' या नावाने ओळखले जाणारे एक नगर होते व त्या नगरास 'कामारा', म्हणजे नगरसभा होती. या सभेचे सभासद कसे निवडले जात, हा प्रश्न युद्धवृत्तांताइतकाच महत्त्वाचा आहे.

पोर्तुगीज नगरांची निवडणूक राजाज्ञेने सिद्ध झालेल्या विधिसंहितेनुसार होई. राजा मानुएल याच्या नावाची संहिता १५२१ साली अंतिम रूपात प्रसिद्ध झाली; चौलच्या किल्ल्याला परवानगी मिळाली तेच हे वर्ष, हा केवळ योगायोग होय. तिची जागा १६०३ मध्ये फिलिपच्या संहितेने घेतली, तरी निवडणुकीची मूळ पद्धती कायम राहिली. संहितेतील नियम व दूरच्या ठाण्यातील व्यवहार तंतोतंत एकच होते असे मानण्याचे कारण नाही. तथापि नियमाचा हेतू कळल्यावाचून व्यवहाराचा अर्थ लागत नाही.

ती पद्धती अशी. दर तीन वर्षांनी, नाताळच्या सुमारास, नगरातील प्रतिष्ठित गृहस्थ सभागृहात जमत. प्रत्येकाने सहा निर्वाचकांची नावे अध्यक्षस्थानी असलेल्या न्यायाधीशास खासगीत सांगावयाची. ज्यांना अधिक मते पडत त्या सहांच्या तीन जोड्या पाडीत. एका जोडीने दुसरीशी बोलू नये असा बंदोबस्त असे. प्रत्येक जोडी पुढील तीन वर्षांसाठी वेरेआदोर (नगरसभासद), न्यायाधीश, नगराचा मुखत्यार इत्यादी पदांकरिता नावांची यादी करी. मग न्यायाधीश तिन्ही याद्या ताडून पाही, निकटचे आप्त एकत्र येऊ नयेत याची काळजी घेई, आणि नावांच्या चिठ्ठ्या मेणाच्या गोळ्यांत बंद करी. या गोळ्यांना 'पेलोरु' म्हणत. गोळ्या थैलीत, थैली पेटीत, पेटीला तीन कुलपे आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या हातांत! प्रतिवर्षी एक लहान मुलगा थैलीत हात घालून गोळी काढी. तीत ज्यांची नावे निघत त्यांनी वर्षभर कारभार पाहावयाचा.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. आधुनिक पद्धतीत मत गुप्त असते आणि निकाल तत्काळ जाहीर होतो. पेलोरुच्या पद्धतीत नेमके उलट होते. मतदाराचे मत न्यायाधीशाला ठाऊक असे, आणि गुप्त राही तो निकाल. तोही कधी कधी दोन-दोन वर्षे. पुढील वर्षी अधिकारावर कोण येणार हेच ज्ञात नसल्यामुळे त्याची आगाऊ मनधरणी करणे अथवा त्याच्याविरुद्ध कट रचणे अवघड व्हावे, हा यातील हेतू स्पष्ट दिसतो. गोळीतील मनुष्य मरण पावला असेल किंवा गावी नसेल तर त्याच्या जागी नव्याने निवड करावी लागे. समुद्रव्यापार व युद्ध यांवर जगणाऱ्या चौलसारख्या बंदरात असा प्रसंग विरळा नसावा. तीन वर्षांपूर्वीची निवड आणि आजचा कारभारी यांत मृत्यू व प्रवास हे दोघे नेहमीच उभे असत.

चिठ्ठीची कल्पना भारताला अपरिचित नव्हती. उत्तरमेरूर येथील पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेखांत, घटात टाकलेल्या चिठ्ठ्या लहान मुलाकडून काढविण्याची रीत वर्णिलेली आहे. या दोहोंत देवाणघेवाण कल्पिणे हे मात्र धाडसाचे ठरेल. पक्षपाताचा संशय टाळावयाचा तर अजाण हात शोधावा, हे दोन समाजांना स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही.

परंतु थैलीत हात घालणाऱ्या मुलाची निरागसता कितीही असली, तरी थैलीत कोणाची नावे पडावीत हे आधीच ठरलेले होते. नगरसभेचा अधिकार मुख्यतः 'काझादो', म्हणजे लग्न करून वसाहतीत स्थायिक झालेल्या पोर्तुगीज गृहस्थांच्या हाती असे. नवख्रिस्ती कुळातील मनुष्य रक्तशुद्धीच्या कारणास्तव वर्ज्य ठरविला जाई. कोटाबाहेरच्या वरच्या चौलात रेशीम विणणारे कारागीर व व्यापारी होते; ते तर निराळ्या राजसत्तेचे प्रजाजन. ज्यांच्या उद्योगावर बंदराची भरभराट अवलंबून होती, त्यांच्यापैकी बहुतेकांचा या निवडणुकीशी संबंधच नव्हता. पद्धतीची निःपक्षपातिता मूठभर घरांच्या आपसांतील स्पर्धेपुरती होती, आणि तिचे मूल्यमापन करताना हा परीघ विसरून चालणार नाही.

पोर्तुगीज सत्ता गेल्यावर नगरसभाही गेली. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजोद्भव बोली मात्र टिकून राहिली; भाषेला सनदेची गरज नसते. आज रेवदंड्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे असून प्रौढ मताधिकाराने तिची निवडणूक होते. सरपंचाची थेट निवड महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. चिठ्ठी मात्र पूर्णपणे गेलेली नाही. दोन उमेदवारांना समान मते पडल्यास निर्णय तिच्यावरच सोपविला जातो, आणि सरपंचपदांचे आरक्षण ठरविण्याची सोडत निघते तेव्हा अनेक ठिकाणी चिठ्ठी उचलण्यासाठी शाळकरी मुलालाच पुढे बोलावतात.