पर्सेंटाइल आलं कुठून? आणि साताऱ्याहून परत पाठवलेला मुलगा

आजचा एपिसोड थोडा वेगळाय. दरवेळी आपण किल्ले, लढाया, निजाम असं काहीतरी घेतो. आज घेऊया एक आकडा. ज्यांनी कॅट दिलीय, सीईटी दिलीय, त्यांना हा आकडा झोपेतसुद्धा दिसतो. पर्सेंटाइल.

आधी साधं गणित करू. २६ नोव्हेंबर २०२३ ला झालेल्या कॅटला साधारण २ लाख ८८ हजार पोरं बसली होती. २१ डिसेंबरला निकाल लागला. मला ८६ पर्सेंटाइल पडले. ऐकायला कसं वाटतं? बीडमध्ये आमच्या गल्लीत तर "शहाऐंशी टक्के? पेढे कुठंयत?" असंच झालं. पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ८६ चा अर्थ, जवळजवळ २ लाख ४८ हजार जण माझ्या मागं आणि ४० हजारांवर माझ्या पुढं. मला हव्या होत्या त्या मोठ्या आयआयएमच्या जागा सगळ्या मिळून काही हजार. म्हणजे विषय संपला. पण हे वडिलांना फोनवर कसं समजवायचं? ते म्हणाले, "बरंय की मग. कॉलेज कधी सुरू होणार?" मी म्हणालो, बघू.

त्या रात्री मी एकच गोष्ट शोधत बसलो. हा आकडा काढला कोणी? सॉफ्टवेअरवाल्याची खोड आहे, बग दिसला की कोड कोणी लिहिला ते आधी बघायचं.

तर कोड लिहिणारा निघाला फ्रान्सिस गाल्टन. इंग्रज, चार्ल्स डार्विनचा नात्यातला भाऊ. १८८४ साली लंडनमध्ये आरोग्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं यानं एक प्रयोगशाळा थाटली. लोकांनी तीन पेनी द्यायच्या आणि आत जाऊन स्वतःचं मोजमाप करून घ्यायचं. उंची, वजन, नजर, मुठीची ताकद, श्वास. ९ हजारांवर लोकांनी रांग लावून पैसे देऊन मोजून घेतलं! (आपण आज परीक्षेची फी भरून तेच करतो, पण असो.) आता इतके आकडे हातात आले, त्यांचं करायचं काय? गाल्टननं सगळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभं केलं आणि ओळीचे शंभर भाग पाडले. १८८५ मध्ये त्यानं त्याला नाव दिलं, पर्सेंटाइल.

म्हणजे बघा, या आकड्याचा जन्म मुठीची ताकद मोजताना झालाय. तुम्ही त्या दिवशी, त्या गर्दीत, कितव्या जागी उभे होतात, एवढंच तो सांगतो. गर्दी बदलली की आकडा बदलला. तुमची मूठ तीच.

पण मला खरी मजा वाटली ती पुढं. हा गाल्टन स्वतः केंब्रिजला गणित शिकायला गेला होता. तिथली ट्रायपॉस परीक्षा म्हणजे त्या काळची सगळ्यात जीवघेणी परीक्षा. पहिला येणारा सीनियर रँगलर, आणि ऑनर्सच्या यादीत शेवटून पहिला येणाऱ्याला पोरं चक्क लाकडी चमचा द्यायची. गाल्टनला तिथं वरचा नंबर हवा होता. तिसऱ्या वर्षी अभ्यासाच्या ताणानं त्याची तब्येत पार ढासळली, डोकं चालेना. ऑनर्सचा नाद सोडून १८४४ मध्ये त्यानं साधी पदवी घेतली. आणि पंचवीस वर्षांनी, १८६९ मध्ये, बुद्धी वारशानं येते असं सांगणारं जाडजूड पुस्तक लिहिलं, तेव्हा पुरावा म्हणून सुरुवातीलाच काय घेतलं? त्याच परीक्षेचे मार्क! वरचा आणि खालचा यांच्यात तिसेक पटीचा फरक आहे, म्हणजे बघा माणसं किती वेगळी असतात, असं. पुढं हाच माणूस 'चांगल्या' वंशाची माणसंच वाढवा असं म्हणायला लागला, त्याला यूजेनिक्स हे नावही त्यानंच दिलं, आणि विसाव्या शतकात त्या विचारानं किती लोकांचं वाटोळं केलं ते आपल्याला माहितीय. माझं मत विचाराल तर ती परीक्षा त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही.

आता तिथून या आपल्याकडं. साल १८७५. कोकणात दापोलीजवळ मुरूड नावाचं गाव. तिथला एक सतरा वर्षांचा पोरगा, अंगानं किरकोळ, उंचीनं बुटका. त्याला पब्लिक सर्व्हिसची परीक्षा द्यायची होती. ही मराठी सहावीची परीक्षा, पण पास झालं की शाळेत मास्तरकी नाहीतर कचेरीत कारकुनी मिळायची. गरीब घराला तेच आयआयएम. परीक्षेचं केंद्र साताऱ्याला. पावसाचे दिवस, समुद्राच्या वाटेचा भरवसा नाही. मग हा पोरगा आणि बरोबरचे दोघं-चौघं पाठीवर सामान टाकून पायी निघाले. सह्याद्री चढून, शंभर मैलांहून जास्त, काही दिवस चालत. बीडवरून संभाजीनगरला सेंटर आलं म्हणून पहाटेच्या एसटीत कुरकुरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे डोळ्यांसमोर आणून बघा.

पोचला. वयाची अट होती सतरा वर्षं पूर्ण. दाखला खिशात होता. परीक्षकांनी वर-खाली बघितलं आणि म्हणाले, तू सतराचा दिसत नाहीस. बसू दिलं नाही. पेपर बघायलासुद्धा मिळाला नाही.

मला इथं थांबावंसं वाटतं. कमी मार्क पडणं वेगळं. निदान तुम्ही ओळीत तरी उभे असता. इथं तर ओळीतच घेतलं नाही, आणि कारण काय, तर चेहरा. परतीची वाट तेवढीच लांब. बरोबरचे पेपर देतायत आणि हा नाही.

पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला गेला, परीक्षेला बसला, पास झाला. पण नुसता मास्तर होऊन थांबला नाही. उशिरानं इंग्रजी शिकायला लागला. मॅट्रिक झाला १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. तेव्हाच्या हिशोबानंही हे वय फार होतं. १८८४ ला बी.ए., गणित घेऊन. १८९१ मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. नाव ओळखलं असेल. धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न.

थांबा, "नापास झाले आणि महान झाले" हे मोटिवेशनल रील मला इथं चिकटवायचं नाहीये. साताऱ्याला परत पाठवलेली बाकीची पोरं कोण होती, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते.

मुरूडच्याच जवळ मुर्डी गाव. तिथला कर्व्यांच्या नात्यातला एक हुशार पोरगा, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. कर्व्यांनी त्याला शिकायला आपल्याकडं मुंबईला नेलं. पुढं तो फर्ग्युसनला शिकला, केंब्रिजला गेला, आणि १८९९ मध्ये ट्रायपॉसमध्ये सीनियर रँगलर झाला. पहिला भारतीय. कोणती ट्रायपॉस? गाल्टन जिथून मागं फिरला, तीच! गाल्टन तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा होता, जिवंत होता. त्यानं ती बातमी वाचली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता आपल्या बीडचं थोडं. कर्वे चालत साताऱ्याला जात होते तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिकवायची भाषा उर्दू. घरात मराठी आणि पेपर उर्दूत. माझे आजोबा शेवटपर्यंत सही उर्दूत करायचे. १९४८ मध्ये राज्य गेलं आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २३ ऑगस्ट १९५८ ला. हे का सांगतोय? तर माझा स्कोअर उघडून बघितला तेव्हा गणित बरं होतं, डेटाचं ठीक होतं. पडलो ते पहिल्याच चाळीस मिनिटांत, इंग्रजी उताऱ्यांच्या सेक्शनला. ६६ पैकी २४ प्रश्न तिथले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. भाषेची ही भिंत आमच्या घरात तीन पिढ्या जुनी आहे, फक्त उर्दूच्या जागी इंग्रजी आलीय. हे कळल्यावर वाईट वाटायचं थांबलं असं नाही, पण काय करायचं ते दिसलं.

मित्राचा फोन आला होता, "काय करायलास आता?" मी म्हणालो, उतारे वाचायलोय. रोज दोन, ऑफिसच्या बसमध्ये. महाराष्ट्राच्या सीईटीचा फॉर्म भरला, तिथं चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. कॅटचा स्कोअर एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो आणि परत किती वेळा द्यायची याला बंधन नाही, तेही वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् फी किती म्हणलास?"

तो हिशोब अजून चालू आहे. पुढच्या एपिसोडमध्ये रँगलर परांजप्यांवर बोलूया. तुमचं सेंटर किती लांब आलं होतं, ते व्हॉइस नोटमध्ये कळवा.