वाकडा डोळा, वाकडी नजर

1987-88 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे, तेव्हा वर्धा जिल्ह्यातील आमच्या कारंजा (घाडगे) गावात टीव्ही असलेले घर हे साऱ्या मोहल्ल्याचेच घर होई. ललिता पवारांची मंथरा पडद्यावर आली, की आम्ही मुले शेजारच्या आजींकडे वळून हसत असू. उतारवयात त्यांचा एक डोळा नाकाकडे वळला होता. ‘मंथरा’ हे नाव त्यांना आम्हीच दिले.

वाल्मीकींची मंथरा कुब्जा आहे. तिचे व्यंग पाठीचे. डोळा आला तो नटीच्या आयुष्यातून. येवल्यात 1916 साली जन्मलेल्या ललिता पवार 1942 पर्यंत नायिका होत्या. त्या वर्षी एका चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा अधूच राहिला. पुढे 1998 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या डोळ्यासह जगल्या. पडद्यावर त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने खाष्ट सासवा आल्या.

त्या डोळ्यात दुष्टपणा वाचायला प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही. भाषेने ते आधीच शिकवले होते. सरळ म्हणजे सज्जन, तिरकस म्हणजे कुत्सित, आणि वाकडी नजर म्हणजे वाईट हेतू. वास्तविक 1959 च्या ‘अनाडी’मधील मिसेस डिसा त्याच डोळ्याने माया करते, आणि त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. तरी लोकांच्या ध्यानात राहिली ती सासूच.

या वाचनात एक गोष्ट सुटते. डोळा वळला की माणसाला स्वतःला काय दिसते? बालपणीच तिरळेपणा आला तर मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दडपायला शिकतो. उतारवयात मेंदूला ते सहसा साधत नाही. एका वस्तूच्या दोन दिसतात. मधुमेह वा रक्तदाबामुळे डोळ्याच्या स्नायूची नस दुबळी झाली तरी असे घडते, आणि अनेकदा काही महिन्यांत ते आपोआप सुधारते. अचानक दोन दिसू लागणे हे क्वचित मेंदूविकाराचेही लक्षण असते, म्हणून तपासणी तातडीने व्हावी लागते. न सुधारल्यास प्रिझमचा चष्मा किंवा शस्त्रक्रिया आहे. बर्लिनमध्ये डिफेनबाख यांनी 1839 सालीच तिरळेपणावर यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. ‘या वयात आता काय करायचे?’ या प्रश्नाला म्हणूनच आधार नाही.

आजी ओट्याच्या पायरीशी थबकत, पाय हवेत चाचपडे, मग एक डोळा पदराने झाकून त्या उतरत. त्याला आम्ही नखरा समजलो, मोठ्यांनी म्हातारपण म्हटले. त्यांना पायऱ्या दोन दिसत असाव्यात, हे आज आमची पन्नाशी जवळ आल्यावर कळते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आमच्याच जिल्ह्यात होते. तिथे त्यांना कोणी नेले नाही. त्यांच्याकडे पाहणारे आम्ही पुष्कळ होतो. तुम्हाला काय दिसते, असे मात्र एकानेही विचारले नाही.