अजिंठ्याला जायचं कसं?

२७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ ला आपल्या शहरात जी-२० मधल्या महिलांच्या गटाची, म्हणजे डब्ल्यू-२० ची पहिली बैठक झाली. गंमत बघा, तीनच दिवस आधी, २४ फेब्रुवारीला, केंद्राने शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली होती. निमंत्रणं गेली तेव्हा शहर औरंगाबाद होतं, पाहुण्या उतरल्या तेव्हा छत्रपती संभाजीनगर. (मी खाली त्या त्या काळातलं नाव वापरतोय, त्यावरून भांडण नको.)

चिकलठाणा विमानतळापासून जालना रोडने आत येताना तेव्हा जे दिसलं ते तुम्हालाही आठवत असेल. भिंती रंगल्या, दुभाजकांवर झाडं आली, पुलांवर दिवे लागले. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने पाणी येतं, तिथे कारंजी उडाली. यावर चिडणाऱ्यांपैकी मी नाही. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही चादरी बदलतोच. माझा प्रश्न वेगळा आहे. इतक्या लांबून कुणी आलं, तर त्याला या जिल्ह्यातून सगळ्यात आधी काय बघायचं असतं? अजिंठा. आणि शहरापासून शंभर किलोमीटरवरच्या त्या अजिंठ्याला आपण दोनशे वर्षांत धड पोचू का देऊ शकलो नाही?

सुरुवातीपासून बघू. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीच्या मागे वाघूर नदीच्या त्या घळीत पोचला, आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून गेला. ‘शोध लावला’ वगैरे आपण पुस्तकात वाचतो; लेण्यापर्यंत जायच्या पायवाटा आसपासच्या लोकांना ठाऊकच होत्या. १८४४ पासून रॉबर्ट गिल अजिंठा गावच्या बारादरीत मुक्काम ठोकून चित्रांच्या नकला करू लागला. गिल आणि पारोची कहाणी सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती सोडून देतो. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. तोवर एक मोठा बदल झाला होता. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे पाचोरा-जळगाववरून पुढे गेली होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लेणी निजामाच्या हद्दीत, पण तिथे पोचायची सोपी वाट इंग्रजांच्या खानदेशातून. मुंबईचा माणूस औरंगाबादला न येताच अजिंठा बघून परत जाऊ शकत होता. १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या, सोबत नंदलाल बोस आणि असित हलदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार. त्यांची छावणी पडली फर्दापूरला. निजाम सरकारने याच फर्दापूरला पाहुण्यांसाठी बंगला बांधला, १९१४ मध्ये गुलाम यझदानींच्या हाती पुरातत्त्व खातं दिलं आणि १९२० मध्ये चेकोनी नावाचा इटालियन तज्ज्ञ आणवला. चेकोनीने चित्रांवर लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, आणि तो काढण्यात आपल्या पुरातत्त्व खात्याच्या पिढ्या गेल्या. पण चित्रांवर पैसा लागत होता, हे मान्य करावं लागेल.

आणि औरंगाबादची रेल्वे? मनमाडहून औरंगाबाद-जालना-नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या आसपास आली. कापसाच्या पट्ट्यातून जाणारी, आणि मीटरगेज. मनमाडला जीआयपीची ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईचा डबा औरंगाबादपर्यंत येऊच शकत नव्हता. लहानपणी आईबरोबर मामाकडे जाताना मनमाडला रात्री उतरून, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन दुसऱ्या फलाटाकडे पळणं मला अजून आठवतं. परदेशी पाहुणा ही कसरत कशाला करेल? रुंदीकरणाची मागणी मराठवाड्याने किती वर्षं केली! गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने निवेदनं, परिषदा, आंदोलनं करून विषय जिवंत ठेवला. ब्रॉडगेज आली ती १९९० च्या दशकात. जवळजवळ नव्वद वर्षं एका राजधानीवजा शहराला थेट गाडी नव्हती. आणि ती मागताना कुणी ‘पर्यटन’ हा शब्द पुढे केला नव्हता. शिकायला, दवाखान्याला, कामाला जाणाऱ्यांसाठी ती मागितली होती. तपोवन आणि देवगिरी एक्स्प्रेस आज भरून धावतात, आणि वेरूळ बघायला येणारा साधा माणूस त्यातूनच येतो.

माझी आवडती गाडी मात्र दुसरीच. पाचोरा-जामनेर, स्थानिक भाषेत ‘पीजे’. १९१८-१९ ला सुरू झालेली सुमारे छप्पन किलोमीटरची नॅरोगेज. मधल्या पहूर स्थानकावर उतरून अजिंठ्याची वाट धरता यायची. तिच्यात जाहिरात करण्यासारखं काहीच नव्हतं. शाळेची पोरं, दूधवाले, बाजारकरी आणि अधूनमधून एखादा पाठीवर पिशवी टाकलेला गोरा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज होणार म्हणून पुन्हा सुरू केली नाही. नेरळ-माथेरानच्या गाडीसाठी आपण हळहळतो. अजिंठ्याच्या पायथ्याची शंभर वर्षांची गाडी गेली, तर शहरातल्या वर्तमानपत्रात चार ओळी.

आता पैशाकडे येऊ. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. मग जपान सरकारच्या स्वस्त कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प आला, पहिला टप्पा १९९२ चा करार, दुसरा २००३ चा. लेण्यांची डागडुजी, झाडं, पाणी, रस्ते, विमानतळ असं सगळं त्यात होतं. खरं सांगायचं तर त्यातलं बरंच चांगलं झालं. गाड्यांचा धूर लेण्यांपासून दूर ठेवण्यासाठी चार किलोमीटर अलीकडे, टी-पॉइंटला, वाहनं अडवायची आणि तिथून एसटीच्या बसने न्यायचं, ही व्यवस्था तर उत्तमच. ती आजही चालते.

पण त्याच टी-पॉइंटजवळ बांधलेलं अभ्यागत केंद्र बघा. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती, प्रेक्षागृह, सगळं भव्य. कल्पनाही शहाणी होती: लोक आधी इथे प्रतिकृती निवांत बघतील, मग खऱ्या लेण्यात कमी वेळ थांबतील, चित्रांना श्वासाचा त्रास कमी. २०१३ च्या सुमारास उघडलं, आणि काही वर्षांत वीज-पाण्याच्या थकबाकीमुळे बंद पडलं. बांधायला परदेशातून कर्ज मिळतं. विजेचं बिल भरायला कुणी कर्ज देत नाही, आणि ते कुठल्या खात्यातून भरायचं हे बांधतानाच ठरलेलं नसतं.

रस्त्याचंही तेच. औरंगाबाद-जळगाव रस्ता चौपदरी करायला घेतला आणि २०१८-१९ ला तो असा उखडून पडला होता की सिल्लोडपर्यंत जाताना पाठीचे मणके मोजता यायचे. गाईड मंडळी सांगायची, परदेशी गट वेरूळ बघून अजिंठा गाळताहेत. याच काळात, एप्रिल २०१९ ला, जेट एअरवेज बंद पडली आणि मोठ्या धावपट्टीच्या नव्या विमानतळावर विमानं शोधावी लागू लागली. कधीकाळी इंडियन एअरलाइन्सचं दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई असं विमान होतं, परदेशी पर्यटकाचा अख्खा दौरा एका विमानमार्गात बसायचा. ते दिवस काही परत आले नाहीत.

वेरूळ जवळ आहे, तीस किलोमीटर, म्हणून तिकडे सगळं सुरळीत असेल असं वाटतं. पण तो रस्ता दौलताबादच्या तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी निघते. सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजूंना रांग. देवगिरीच्या किल्लेदाराने दरवाजा शत्रूला अडवायला बांधला होता, आणि तो आजही चोख काम करतोय! वळणरस्त्याची चर्चा मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. दरवाजा रुंद करा असं मात्र कुणी सुचवू नये, एवढीच हात जोडून विनंती.

त्या बैठकीचा विषय होता महिलांच्या नेतृत्वाखाली विकास. म्हणून हेही लिहून ठेवतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. बैठकीनंतर तीन आठवड्यांच्या आत. दोन्हींचा काही संबंध नव्हता, तो राज्याच्या अर्थसंकल्पातला निर्णय होता. पण फर्दापूरच्या टी-पॉइंटवर दगडाचे मणी विकणाऱ्या, सिल्लोडहून रोज ये-जा करणाऱ्या बाईला त्या महिन्यात या शहराच्या ‘प्रवास सुविधे’तून प्रत्यक्ष काही मिळालं असेल, तर ते हे. जालना रोडवरचे दिवे तिच्या वाटेत येतच नाहीत.

आणि आता नवी बातमी, जिच्यासाठी एवढं लांबलचक लिहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. १७४ किलोमीटर, ७,१०६ कोटी रुपये, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा. मंजुरीच्या घोषणेत ठळक शब्द होता अजिंठा लेणी. मला आनंद झाला, खरंच झाला. अजिंठ्याच्या नावाचं स्टेशन हे माझ्या वडिलांच्या पिढीचं स्वप्न होतं. पण आत्ता, मार्गाची आखणी आणि भूसंपादन चालू असतानाच, आपण काही साधे प्रश्न विचारायला हवेत. सिल्लोडचं स्टेशन गावाजवळ असेल की सात किलोमीटर लांब माळावर? स्टेशनपासून टी-पॉइंटपर्यंत एसटी जोडलेली असेल का? सकाळी जळगावच्या कॉलेजला आणि जालन्याच्या मोंढ्यात पोचवणारी पॅसेंजर धावणार, की फक्त मालगाड्या आणि आठवड्यातून एक पर्यटन गाडी? ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांना हे प्रश्न पडलेतच. सिल्लोड-भोकरदनकडचे कुणी हे वाचत असतील तर ग्रामसभेत विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.