पंचवटींतील मान, वहिवाट आणि काळारामाचा दरवाजा

क्षेत्राच्या ठिकाणीं राहणारा समाज एकमेकांशीं कसा वागत असे हें पाहूं गेल्यास अभ्यासकास साधनांची वाण पडत नाहीं. सनदा आहेत, निवाडे आहेत, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. या सर्व कागदांत दोन शब्द वारंवार भेटतात: एक 'मान' व दुसरा 'वहिवाट'. पालखीपुढें कोणी चालावें, प्रसाद प्रथम कोणास द्यावा, कोणत्या घाटावर कोणी उतरावें, हें सारें या दोन शब्दांनीं ठरे. आणि एकदां ठरलें म्हणजे शेजारी शेजाऱ्याशीं निर्धास्तपणें राही. नाशिकची पंचवटी या दृष्टीनें फार अभ्यासण्याजोगी आहे. मान व वहिवाट यांची वीण तेथें अतिशय दाट. आणि तेथेंच १९३० सालीं या दोन्ही शब्दांस असा प्रश्न विचारला गेला कीं, त्याचें उत्तर जुन्या दप्तरांत कोठेंच नव्हतें. त्या प्रसंगाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पंचवटी ही गोदावरीच्या डाव्या तीरावर, जुन्या नाशिक शहराच्या समोर. रामकुंड, कपालेश्वर, गोराराम, काळाराम, सीतागुंफा हीं सर्व स्थानें एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. काळारामाचें सध्यांचें देऊळ सरदार रंगराव ओढेकर यांनीं जुन्या लाकडी देवळाच्या जागीं बांधविलें. कामास आरंभ १७८२ च्या सुमारास झाला. दगड रामशेजच्या डोंगरांतला. काम १२ वर्षें चाललें व २३ लक्ष रुपये लागले, असें नाशिकच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. देवळास उंच तट असून चार दिशांस चार दरवाजे आहेत. हे चार दरवाजे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

इतक्या थोड्या जागेंत इतके देव, इतके पुजारी, इतके उपाध्ये आणि वर्षभर लोटणारी यात्रा. अशा ठिकाणीं नियम नसेल तर रोज डोकीं फुटावयाचीं. म्हणून नियम झाले. उपाध्यायांनीं यजमान गांवांप्रमाणें व कुळांप्रमाणें वांटून घेतले. यात्रेकरूनें आपलें गांव व आडनांव सांगितलें कीं, तो कोणाच्या वहींतला हें निघे, आणि दुसऱ्यानें त्यास बोलावूं नये असा संकेत असे. सिंहस्थांत वैष्णव अनींचें स्नान रामकुंडावर व शैव आखाड्यांचें त्र्यंबकास कुशावर्तावर होतें. ही विभागणी पेशवाईंतील तंट्यानंतर झाली अशी परंपरा आहे. वैष्णवांतहि निर्मोही, निर्वाणी व दिगंबर या तीन अनींचा स्नानाचा क्रम ठरलेला असतो. कपालेश्वराची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. या शिवालयांत देवासमोर नंदी नाहीं. ब्रह्महत्येच्या पातकांतून सुटण्याचा मार्ग नंदीनें दाखविला म्हणून शंकरानें त्यास गुरु मानिलें, आणि गुरूस आपल्यासमोर सेवकासारखें कसें बसवावें, म्हणून नंदीस तेथें बसूं दिलें नाहीं, असें सांगतात. कथा कथाच आहे. परंतु दुसऱ्याचा मान राखण्याची जी सूक्ष्म जाणीव तींत दिसते, ती या गांवच्या अंगीं पुष्कळ मुरली होती यांत संशय नाहीं.

या मानांचें सर्वांत दर्शनीय रूप म्हणजे काळारामाचा रथोत्सव. चैत्र शुद्ध एकादशीस रामरथ व गरुडरथ असे दोन रथ निघतात. गरुडरथ नदी ओलांडून शहरांत जातो. रामरथ नदी ओलांडीत नाहीं. उत्सवाचे मानकरी बुवा रथाकडे तोंड करून उलट पावलीं चालतात, कारण देवास पाठ दाखवावयाची नाहीं. रामरथ ओढण्याचा मान सरदार रास्ते तालीम संघाकडे व गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे आहे. दोर कोणाच्या हातांत, वाटेंत थांबा कोठें, हें सारें पूर्वापार ठरलेलें. तालमींतील चढाओढ या व्यवस्थेंत जिरते आणि उत्सव पार पडतो. मानाची पद्धति केवळ दिखाऊ होती असें जे म्हणतात त्यांशीं आम्ही सहमत नाहीं. तिनें पुष्कळ भांडणें मिटविलीं, आणि दुर्बळ घराण्यासहि एखादा नारळ, एखादा विडा हक्काचा मिळवून दिला.

मात्र ज्यांस मुळींच मान नव्हता, त्यांचें काय? नाशिक जिल्ह्यांतील महार, चांभार, मांग या जाती रामास भजत होत्या, यात्रेस येत होत्या, नदीच्या याच पाण्यास तीर्थ मानीत होत्या. परंतु काळारामाच्या तटाच्या आंत त्यांस पाऊल टाकतां येत नसे. मान मागण्यास पूर्वींचा मान दाखवावा लागे, आणि वहिवाट सिद्ध करण्यास वहिवाटच पुढें करावी लागे. ज्यास आंत कधीं येऊंच दिलें नाहीं, त्यानें आंत येण्याची वहिवाट कोठून आणावी? जुन्या निवाड्यांचें तर्कशास्त्र या ठिकाणीं पार खुंटतें.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ त झाला. पुण्यास पर्वतीच्या देवळासाठीं १९२९ च्या ऑक्टोबरांत झाला. त्यानंतर नाशिकच्या मंडळींनीं काळारामाचा प्रश्न हातीं घेतला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी गायकवाड हे होते. हेच पुढें दादासाहेब म्हणून प्रसिद्धीस आले. दिंडोरी तालुक्यांतील आंबें हें त्यांचें जन्मगांव. पुढारीपण डॉ. भीमराव आंबेडकर यांचें. रविवार, ता. २ मार्च १९३० रोजीं सकाळीं परिषद झाली व दुपारीं मिरवणूक निघाली. धनंजय कीर यांनीं आंबेडकरांच्या चरित्रांत तिचें जें वर्णन दिलें आहे त्यावरून ती सुमारें मैलभर लांब होती व तींत सुमारें १५,००० लोक होते. स्त्रिया सुमारें ५०० होत्या. मिरवणूक पूर्व दरवाजाशीं आली तेव्हां दरवाजे बंद होते आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट व पोलीस अधिकारी पुढें उभे होते.

येथें घडलेली गोष्ट लहान असल्यानें बहुधा एका वाक्यांत सांगून टाकण्यांत येते. आम्ही तेथें थोडें थांबूं इच्छितों. पंधरा हजारांचा जमाव, गांवोगांवहून चालत आलेला, बंद दरवाजापुढें उभा राहिला. आणि मग शांतपणें वळून गोदावरीच्या घाटाकडे गेला. तेथें मिरवणुकीची सभा झाली. रात्रीं अकरा वाजतां पुढाऱ्यांनीं निश्चय केला कीं दरवाजांपुढें अहिंसेनें बसावें. दुसऱ्या दिवशीं, ता. ३ रोजीं, पहिली तुकडी बसली: १२५ पुरुष व २५ स्त्रिया, चारहि दरवाजांवर वांटून. पोलीस सुपरिंटेंडेंट रेनॉल्ड्स यांनीं आपली कचेरीच देवळासमोर तंबूंत आणली. गांवाच्या शिस्तीची काळजी वाहणाऱ्यांनीं या महिन्याचा हिशेब मांडला असता तर शिस्त कोणत्या बाजूस अधिक होती हें त्यांस कळलें असतें. डॉ. कुर्तकोटी शंकराचार्य यांच्या अध्यक्षतेखालीं नागरिकांची सभा भरली होती. ती सनातन्यांनीं दगड व जोडे फेकून उधळली. ज्यांच्या मुखीं पूर्वापार मर्यादेचा शब्द, त्यांनीं आपल्याच सभेंत आचार्यपीठावरील पुरुषासमोर ही मर्यादा दाखविली.

याच दिवसांत देशभर दुसरा सत्याग्रह उभा राहत होता. दांडीयात्रा १२ मार्चास निघाली, मिठाचा कायदा ६ एप्रिलास मोडला गेला. परकीय सत्तेनें अडविलेल्या मिठासाठीं तुरुंगांत जाणें हा धर्म आणि आपण अडविलेल्या दरवाजाविषयीं विचारणें हा उपद्रव, अशी समजूत अनेकांनीं बाळगिली, ही त्या वर्षाची विसंगति इतिहासलेखकानें झांकूं नये.

दरवाजाचा प्रश्न महिनाभर तसाच राहिला आणि रथाचा दिवस जवळ आला. ता. ९ एप्रिलचा हा प्रसंग पुष्कळ ठिकाणीं रामनवमीचा म्हणून सांगितला जातो. रथ एकादशीस निघतो हें वर आलेंच आहे. दोन्ही पक्षांत तडजोड झाली ती अशी कीं, दोन्हीकडील निवडक बळकट माणसांनीं मिळून रथ ओढावा. या तडजोडीचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. मागणी होती दरवाजाची. देऊं केला तो दोर. म्हणजे गांवानें आपल्या जुन्या सवयीप्रमाणें प्रश्नास मानाच्या भाषेंत उत्तर दिलें: तुम्हांसहि एक मान घ्या. मान हा नेहमीं नेमका असतो. जेवढा दिला तेवढाच, आणि बाकीच्यास तो आपोआप कुंपण घालतो. तरीहि सत्याग्रह्यांनीं तें मान्य केलें. महिनाभर उन्हांत बसून, अखेर दोरावर समाधान मानण्यास ते तयार झाले. शेजारधर्मासाठीं याहून अधिक कोणी काय सोडावें?

त्या दिवशीं दुपारीं आंबेडकर निवडक माणसांसह दरवाजाशीं उभे होते. हजारों लोक जमले होते. परंतु सत्याग्रह्यांचे हात दोरास लागण्यापूर्वींच त्यांच्या माणसांना झटापटींत गुंतविण्यांत आलें, आणि दुसऱ्या पक्षानें रथ ओढून एका अरुंद गल्लींत पळविला. गल्लीच्या तोंडाशीं बंदूकधारी पोलीस होते. कद्रेकर नांवाच्या भंडारी तरुणानें पोलिसांची फळी फोडली. त्यामागोमाग शेंकडों लोक घुसले व त्यांनीं रथ गांठला. दगडांचा वर्षाव झाला. कद्रेकर रक्तबंबाळ होऊन पडले. आंबेडकरांभोंवतीं त्यांच्या माणसांनीं कडें केलें. दगड एकाच बाजूनें आले असें म्हणतां येणार नाहीं. परंतु वचन एकाच बाजूनें मोडलें. ज्या रथापुढें देवास पाठ दिसूं नये म्हणून मानकरी उलट पावलीं चालतात, तो रथ त्या वर्षीं दिलेल्या शब्दाकडे पाठ फिरवून धांवला.

परिणाम दोन झाले. देऊळ वर्षभर बंद ठेवावें लागलें. दुसरा परिणाम गांवोगांव दिसला व तो अधिक कठोर होता. जिल्ह्यांतील खेड्यांत अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांस दुकानांत जिन्नस मिळेनासे झाले, रस्ते बंद झाले, मुलांस शाळांतून काढण्यांत आलें. नाशिकच्या दरवाजावर बसलेल्या माणसाची किंमत त्याच्या गांवीं त्याच्या मुलानें दिली. रथाची हकीकत पुष्कळांनीं लिहिली. या बहिष्काराचा गांववार इतिहास मात्र लिहावयाचा आहे, आणि आमच्या मतें सत्याग्रहाचा खरा ताळेबंद त्यांतच आहे.

सत्याग्रह अधूनमधून पुढें चालूच राहिला. ता. ३ मार्च १९३४ रोजीं, आरंभास बरोबर चार वर्षें होत असतां, आंबेडकरांनीं गायकवाडांस पत्र लिहून तो थांबविण्याचा सल्ला दिला. आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून हा लढा आपण आरंभिला नव्हता, आपल्या स्थितीची त्यांस जाणीव व्हावी यासाठीं तो होता, असा त्या पत्राचा आशय आहे. ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांत येवलें येथें भरलेल्या परिषदेंत सत्याग्रह बंद करण्याचें ठरलें, आणि हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, ही आंबेडकरांची घोषणा तेथेंच झाली. नागपूरची १९५६ ची धम्मदीक्षा या घोषणेची पूर्ति होय. पंचवटीच्या चार दरवाजांनीं कोणास बाहेर ठेविलें व त्यायोगें कोण कायमचें निघून गेलें, याचा विचार दरवाजे लावणाऱ्यांनीं त्या वेळीं केला असेल असें वाटत नाहीं.

दरम्यान इतरत्र काळ बदलत होता. त्रावणकोरांत राजाज्ञेनें १२ नोव्हेंबर १९३६ रोजीं देवळें खुलीं झालीं; पंढरपुरास १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींच्या उपोषणानें विठ्ठलाचें मंदिर खुलें झालें. त्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा ३५ वा कायदा झाला. १९५६ त त्याच्या जागीं अधिक व्यापक असा दुसरा कायदा आला. तथापि सनदा वाचण्यांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना त्या पहिल्या कायद्याचें तिसरें कलम विशेष लक्षांत घेण्याजोगें वाटतें. न्यासाचा लेख, अर्पणाच्या अटी, सनदेंतील शर्ती, न्यायालयाचा हुकूमनामा, रूढी, वहिवाट अथवा कायदा, यांपैकीं कांहींहि विरुद्ध असलें तरी प्रत्येक मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस इतर हिंदूंइतकेंच व त्यांच्याच रीतीनें पूजेसाठीं खुलें राहील. आणि पवित्र तलाव, विहीर, झरा वा ओढा यांत स्नान करण्याचा व त्याचें पाणी वापरण्याचा हक्कहि त्यांस तसाच राहील, असा त्याचा आशय आहे.