अर्थसाक्षरता : तरुण आणि कुटुंब

अर्थसाक्षरता म्हणजे मिळकत, खर्च, बचत, कर्ज, विमा आणि गुंतवणूक यांविषयी समजून-उमजून निर्णय घेण्याची क्षमता. हिशेब येणे हा तिचा पाया आहे, पण तेवढ्याने ती येत नाही. चक्रवाढ व्याजाची गणिते शाळेत बिनचूक सोडवलेला मुलगा पहिल्या पगारावर मोबाइलचा हप्ता बांधून घेतो, तेव्हा ते गणित त्याच्या मदतीला येत नाही. ही क्षमता व्याख्यानांतून थोडी आणि उघड्या हिशेबाने पैसा हाताळण्याच्या सवयीतून फार येते. ती सवय अख्ख्या घराला लागावी लागते, कारण कर्ज एकाच्या सहीने निघाले तरी फेडते सगळे घर.

महाराष्ट्रात या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. रोष प्रामुख्याने कागदावर निघाला, कारण त्यात काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते. अमेरिकी यादवी युद्धानंतर कोसळलेले कापसाचे भाव आणि वाढलेला शेतसारा ही खरी आर्थिक कारणे होती, हे विसरून चालणार नाही. तरीही १८७९ च्या दख्खन कृषक कायद्याने कर्जाच्या दस्तांची गावपातळीवर नोंदणी, भरलेल्या रकमेची पावती, खात्याचा वार्षिक उतारा आणि पासबुकात हिशेब लिहून घेण्याचा ऋणकोचा हक्क या गोष्टी आणल्या. दुष्काळ आणि बाजारभाव कायद्याच्या हातात नव्हते; हिशेब उघडा करणे हातात होते.

आजचे चित्र पाहता खाते उघडणे आणि पैसा कळणे यांत मोठे अंतर आहे. २०१४ पासून जनधन योजनेने कोट्यवधी घरांत बँक खाते पोहोचवले. पण राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के प्रौढच अर्थसाक्षर ठरले. सुशिक्षित तरुण यातून सुटले आहेत असेही नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि या मंडळींत तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. यांच्या हाती स्मार्टफोन आणि डिमॅट खाते होते, माहितीचाही पूर होता. तोटा किती सोसवेल आणि तो घरातल्या कोणाच्या वाट्याला येईल, हा विचार मात्र ॲप शिकवत नाही.

मग अर्थशिक्षण द्यावे, तर त्यावर एक गंभीर आक्षेप संशोधकांकडूनच आला. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले की, अर्थशिक्षणाने लोकांच्या प्रत्यक्ष आर्थिक वर्तनातील फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग उलगडतो आणि शिकलेले काळाबरोबर विरते. पुढे कैसर, लुसार्डी, मेनकॉफ आणि अर्बन यांनी यादृच्छिक चाचण्या असलेले ७६ प्रयोग तपासले, तेव्हा परिणाम अनुकूल दिसला. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर शिक्षण सोडून द्यावे असा अर्थ निघत नाही. पहिल्या अभ्यासकांनीच सुचवल्याप्रमाणे ते निर्णयाच्या वेळेला लागून द्यावे लागते : कर्जाचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात, पहिला पगार होतो त्या महिन्यात.

बचत गट हे काम फार आधीपासून करत आले आहेत. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ‘उमेद’ अभियान यांनी ही चळवळ गावोगाव नेली. दहा ते वीस बायका ठरल्या दिवशी बसतात, ठरलेली रक्कम टाकतात, कोणाला कशासाठी कर्ज द्यायचे ते सर्वांसमोर ठरवतात आणि व्याजासह परतफेड वहीत चढवतात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन या पंचसूत्रीत स्वतंत्र धडा कुठेच नाही. तरी दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला किती, हे गटातल्या बाईला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते व्याज तिने भरलेले असते आणि वाटूनही घेतलेले असते.

गरिबांकडे पैसाच नाही, त्यांना काय शिकवणार, असे म्हटले जाते. कमी मजुरी आणि आजारपणाचा खर्च यांवर शिकवणी हे उत्तर नाही, आणि शोषणाचे खापर अडाणीपणावर फोडणे अन्यायाचे आहे. पण कमी मिळकतीच्या घरालाच चुकीचे कर्ज सर्वांत महाग पडते. ६०,००० रुपये वर्षभरासाठी ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ दराने घेतले, तर व्याज ७,२०० आणि हप्ता ५,६०० रुपये येतो. मुद्दल दरमहा घटत असूनही व्याज मूळ रकमेवरच लागल्याने खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. मुलांना पैशाच्या चिंतेपासून दूर ठेवावे, हा दुसरा आक्षेप मायेपोटी येतो. घरातली ओढाताण मुलांपासून लपत नाही. लपतात ते फक्त आकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेच्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवता येते. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्यांचे पत्रक देणे सक्तीचे आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो. १८७९ चे पासबुक ज्या कामासाठी होते त्याच कामाचा हा कागद, सही होण्याआधी घरातल्या थोरामोठ्यांनी आणि मुलांनी मिळून वाचण्याजोगा.