संपाच्या सभागृहातून पडद्यापर्यंत

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. आज आम्ही तुम्हाला तिथल्या जस्ताच्या खाणीजवळच्या एका वस्तीत नेणार आहोत. न्यू मेक्सिको राज्यातलं हे गाव, हॅनोव्हर त्याचं नाव. इथले बहुतेक खाणकामगार मेक्सिकन वंशाचे, घरात स्पॅनिश बोलणारे. अशा लोकांना तिकडे लॅटिनो म्हणतात. ते सगळेच बाहेरून आलेले होते असंही नाही. 1848 साली युद्ध हरल्यावर मेक्सिकोला हा मुलूख सोडून द्यावा लागला. माणसं जागच्या जागी राहिली आणि सीमाच त्यांच्या घरांवरून पुढे सरकली.

पण मान मिळाला नाही. गोऱ्या कामगारांच्या घरात गरम पाण्याचा नळ, यांच्या घरात नाही. त्या भागात सिनेमा बघायला गेलं तरी बसायची जागा वेगळी. आणि पडद्यावर मेक्सिकन माणूस दिसायचा तो दरोडेखोर नाहीतर नोकर म्हणून.

ऑक्टोबर 1950 मध्ये एम्पायर झिंक कंपनीच्या खाणीत संप झाला. पुढच्या जूनमध्ये न्यायालयाने मनाई हुकूम काढला. संपकरी कामगारांनी रस्ता अडवला, की थेट तुरुंग. रस्ता सोडला तर कंपनी दुसरे मजूर आत घालणार. तेव्हा कामगार संघटनेच्या सभागृहात बायका उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, हुकूम कामगारांना आहे, आम्हाला नाही. आम्ही उभ्या राहतो.

पुरुषांना हे रुचलं नाही. बायकांच्या आड लपायचं का, घरी पोरं कोण बघणार, अशी बरीच वादावादी झाली. शेवटी मत घेतलं, आणि त्या मतदानात बायकांनीही हात वर केले. आमच्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच आहे. सभागृह आधीपासून होतं, पण त्यात बायकांचा हात त्या दिवशी मोजला गेला.

मग बायका रस्त्यावर आल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. एकाच दिवशी पन्नासहून अधिक बायका-मुलांना तुरुंगात कोंबलं, तरी रांग मोडली नाही. तिकडे घरी नवरे चुलीपाशी आणि धुण्यापाशी. पाणी तापवायला लाकडं फोडताना त्यांना कळलं, की बायका नळाची मागणी का लावून धरतात. (पाण्याची मागणी यादीत शेवटी ढकलली जाते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं!) जानेवारी 1952 मध्ये समझोता झाला. पगार वाढला, आणि नंतर घरोघरी गरम पाणीही आलं.

हॉलिवूडमधून राजकीय मतांमुळे बाहेर काढलेल्या काही माणसांनी यावर चित्रपट करायचं ठरवलं. हर्बर्ट बिबरमन दिग्दर्शक, मायकल विल्सन लेखक. नाव 'सॉल्ट ऑफ द अर्थ'. विल्सनने लिहिलेली कथा संपकऱ्यांना आणि त्यांच्या बायकांना वाचून दाखवली, आणि त्यांनी ती दुरुस्त केली. नायकाचं बाहेर लफडं दाखवलं होतं, ते काढायला लावलं. सांडलेलं पेय नायिका आपल्या झग्याने पुसते, तेही काढायला लावलं. आम्ही अशा नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याविषयी कुणी चांगल्या मनाने लिहिलं तरी ते आपल्यासमोर वाचलं जायला हवं. या बायाबापड्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

संघटनेचा अध्यक्ष हुआन चाकोन हाच नायक झाला. वस्तीतल्या अनेकांनी स्वतःच्याच भूमिका केल्या. नायिका एस्पेरांझा, म्हणजे आशा. ती झाली मेक्सिकोची अभिनेत्री रोसाउरा रेव्हुएल्तास. 1953 मध्ये चित्रीकरण चालू असतानाच परवान्याच्या कागदपत्रांचं निमित्त काढून तिला अटक झाली आणि ती मायदेशी परतली. तिचं निवेदन गुपचूप मेक्सिकोत ध्वनिमुद्रित करावं लागलं. 1954 मध्ये चित्रपट आला, तर यंत्रं चालवणाऱ्यांच्या संघटनेनेच तो दाखवायला नकार दिला. देशभरात जेमतेम डझनभर चित्रपटगृहं मिळाली. पुढे 1992 साली सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट यादीत तो जतन झाला. पण तोपर्यंत संपातल्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या.

म्हणजे चित्रपट करून भागत नाही, तो लावायला जागा लागते. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात लॅटिनो चित्रपटांचा महोत्सव 1976 पासून भरतो. त्याच शहरात 1987 मध्ये मेक्सिकन वंशाच्या कार्यकर्त्या बायकांनी एक केंद्र उभारलं. त्याचंही नाव एस्पेरांझा. तिथे चित्रपट, गाणी, चर्चा, सगळं होतं. समलिंगी लोकांच्या जीवनावरचे चित्रपटही तिथे दाखवले, म्हणून शहरात ओरड झाली. 1997 मध्ये नगरपालिकेने केंद्राचं अनुदान बंद केलं.

केंद्राच्या बायका न्यायालयात गेल्या. 2001 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायाधीश ऑर्लांडो गार्सिया यांनी स्पष्ट म्हटलं, की मतं पटत नाहीत म्हणून अनुदान तोडणं घटनेविरुद्ध आहे. आणखी एक गोष्ट बाहेर आली. सभेच्या आदल्या रात्रीच सदस्यांनी आपसात निर्णय ठरवून टाकला होता, आणि खुल्या सभेत फक्त हात वर झाले. तेही बेकायदा ठरलं. ग्रामसभेला जाणाऱ्या बायकांनी हा मुद्दा जरूर लक्षात ठेवावा.

खटल्याच्या आधीपासूनच केंद्राचं आणखीही काम चालू होतं. 1995 मध्ये त्यांनी शहराच्या जुन्या मेक्सिकन वस्तीतल्या बायकांची मातीकामाची सहकारी संस्था सुरू केली. मुहेरआर्तेस तिचं नाव. मुहेर म्हणजे बाई. इथे बायका मातीच्या फरशा आणि भांडी घडवतात, आणि त्यांवर आपल्या घरच्या, गल्लीतल्या गोष्टी कोरतात. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांतले जुने फोटोही केंद्राने गोळा केले. लग्नातले, दुकानापुढचे, अंगणातले. ते मोठे करून त्याच वस्तीत लावले आहेत, जाता-येता दिसतील असे.